तो उठवणारच होता, मग रडला काहून?

प्रश्न : सर, सलाम. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात माझा धाकटा दीर गेला. रानडुकरं तुरीत घुसतात म्हणून जागलीला गेला होता, रात्री वावरातच साप चावला. पहिले गावातल्या एकाकडे मंतरायला नेलं, त्यात वेळ गेला, मग ऑटोनं तालुक्याला, तिथून यवतमाळला निघालो पण रस्त्यातच संपलं. आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडीच, पण मातीला सगळा गाव होता. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते, ते कबरेपाशी म्हणाले की कोणी रडू नका, विश्वासी माणसाला आशा आहे, सगळा गाव बघतोय, रडलात तर साक्ष बिघडते. तेव्हापासून माझ्या जावेच्या डोळ्यातून टिपूस नाही. सगळे म्हणतात काय विश्वास आहे बाईचा. मला मात्र भेव वाटते. ती रातभर भिंतीकडे पाहत बसते अन् एकच गोष्ट बोलते, "मंतरायले नेलं नसतं तर वाचले असते." सासू गोठ्यात जाऊन रडते, कोणी पाहू नये म्हणून. परवा योहानाचा अकरावा अध्याय वाचत होते, त्यात "येशू रडला" एवढंच एक वचन आहे. तो तर मेलेल्या लाजराला थोड्याच वेळात जिवंत उठवणार होता, त्याला ते माहीत होतं, मग रडला काहून? लोकांना दाखवायला का? अन् तो रडला तर आम्ही काहून नाही रडायचं? (नाव छापू नका.)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते थांबण्यासारखं नाही. रडा. सासूबाईंना गोठ्यातून घरात आणा अन् घरात रडू द्या, आणि जावेला कोणी "काय विश्वास आहे" असं म्हणायला आलं की त्याला चहा पाजून वाटेला लावा, ते कौतुक तिच्या छातीवर धोंडा होऊन बसलंय.

आता वचन. "येशू रडला", योहान ११:३५. हे एकटं काढून वाचलं की कोडं वाटतं, म्हणून अख्खा अध्याय समोर घ्या. बेथानी हे यरुशलेमजवळचं खेडं, हे शुभवर्तमान लिहिणारा योहान अंतर देतो पंधरा स्टेडिया, म्हणजे आपल्या हिशेबानं जवळपास तीन किलोमीटर. आज त्या गावाला अल्-अझरिया म्हणतात, लाजराच्याच नावावरून पडलेलं नाव आहे ते. तिथं दोघी बहिणी, मार्था आणि मरीया, आणि त्यांचा भाऊ लाजर. भाऊ आजारी पडला तेव्हा बहिणींनी येशूकडे निरोप धाडला, तो तेव्हा यार्देन नदीच्या पलीकडे होता. निरोप मिळाल्यावर तो आहे तिथंच दोन दिवस राहिला आणि मग निघाला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. घरी भेटायला आलेल्यांची गर्दी, यरुशलेमवरून लोकं आलेली, यहूद्यांत सात दिवस घरात बसून दुःख पाळतात, अजूनही पाळतात, आपल्याकडे बाया येऊन बसतात तसंच समजा.

आणि आता जे होतं ते मला या अध्यायातलं सगळ्यात मोठं वाटतं, पण प्रवचनात फार कमी वेळा ऐकलंय. मार्था पुढं येऊन म्हणते, प्रभूजी, तुम्ही इथं असते तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते आणि तीपण तेच म्हणते, तेच वाक्य, २१ वं वचन आणि ३२ वं वचन शेजारी ठेवून पाहा. घरात चार दिवस दोघी हेच बोलत बसल्या असतील, नाहीतर एकसारखं वाक्य दोघींच्या तोंडून कसं निघेल. तुमची जाऊ रातभर जे बोलते त्याच जातीचं वाक्य आहे हे, असं झालं असतं तर, तसं केलं असतं तर. येशूनं दोघींपैकी एकीलाही म्हटलं नाही की असं बोलू नको, हा अविश्वास आहे.

पण उत्तर मात्र दोघींना वेगळं दिलं. मार्था उभी राहून बोलू शकत होती, तिच्यात अजून प्रश्न विचारायची ताकद होती, तिला त्यानं शिकवण दिली, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे सगळं तिच्याशीच बोललाय तो. मरीया आली ती त्याच्या पायावर पडली आणि रडायला लागली. तिला त्यानं काहीच शिकवलं नाही. पुनरुत्थानावर एक शब्द नाही. ती रडताना दिसली, तिच्यासोबत आलेली लोकं रडताना दिसली, त्यानं विचारलं त्याला कुठं ठेवलंय, ते म्हणाले येऊन पाहा, आणि मग ते वचन येतं, येशू रडला. तर माझं म्हणणं असं की हे वचन म्हणजे मरीयेला दिलेलं उत्तर आहे. ज्या माणसाकडे जगातलं सगळ्यात मोठं आशेचं वाक्य तयार होतं, आणि ते त्यानं नुकतंच एकीला सांगितलं पण होतं, तो दुसरीसमोर गप्प राहिला आणि रडला. तुमच्या कबरेपाशी मार्था उभी आहे की मरीया, हे त्या प्रचारकांनी पाहायला पाहिजे होतं.

आता तुमचा खरा प्रश्न, माहीत असून रडला काहून, नाटक होतं का.

हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही ताई, ख्रिस्ती मंडळीत पहिल्या शतकांपासून चालत आलाय. काही लोक तेव्हा असं शिकवायचे की येशूला खरं शरीर नव्हतंच, नुसतं दिसायचं, म्हणजे भूक पण दिसण्यापुरती अन् आसवं पण दिसण्यापुरती. मंडळीनं ते साफ नाकारलं. रोमचा बिशप लिओ यानं ४४९ साली एक मोठं पत्र लिहिलं, ते दोन वर्षांनी खल्केदोनच्या धर्मपरिषदेत वाचलं गेलं, त्यात त्यानं नेमकी लाजराची कबर उदाहरणाला घेतलीये, की मेलेल्या मित्रासाठी कळवळून रडणं हे माणसाचं काम आणि त्याच मित्राला हाक मारून उठवणं हे देवाचं काम, आणि दोन्ही करणारा एकच. ऑगस्टीन नावाचा बिशप त्याच्याही आधीचा, तो म्हणतो ख्रिस्त रडला तो माणसाला रडायला शिकवायला. हे दोघं काही कमी विश्वासाचे नव्हते.

आणि साधं बघा ना. पुढं चांगलं होणार हे माहीत असलं म्हणून आत्ताचं दुखणं दुखत नाही असं कुठं असतं? पोरगी सासरी सुखात राहणार हे माहीत असूनही वाटे लावताना आई रडतेच, कोणी तिला म्हणत नाही की तुझा जावयावर भरवसा नाही.

लोक या आसवांची आणखी काही कारणं सांगतात. एक असं की लाजर स्वर्गात सुखात होता आणि त्याला परत या जगात ओढून आणायचं म्हणून येशूला वाईट वाटलं. हे ऐकायला गोड आहे, भाषणात टाळ्या पण मिळतात, पण अध्यायात त्याला कुठं आधार नाही, मी तरी ते सोडून देतो. दुसरं असं की लोकांचा अविश्वास पाहून रडला. याच्यात थोडं तथ्य आहे, कारण शेजारी उभे असलेले काही जण लगेच टोमणा मारतात, ते पुढं येईलच. पण योहान क्रम स्पष्ट देतो, तिला रडताना पाहून त्याचं मन हललं. आणि आसवं पाहून गावची लोकं काय म्हणाली? पाहा, याचं लाजरावर किती प्रेम होतं. योहानानं ते वाक्य कुठं खोडून काढलेलं नाही. ५ व्या वचनात त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय की येशूचं या तिघा भावंडांवर प्रेम होतं. मला वाटतं शेजाऱ्यांना ते बरोबर समजलं होतं, कधी कधी शेजाऱ्यांना धर्मपंडितांपेक्षा लवकर समजतं.

अजून एक गोष्ट आहे जी लोक वाचतात अन् पुढं जातात. रडण्याच्या आधी आणि रडण्याच्या नंतर, म्हणजे ३३ आणि ३८ या वचनांत, योहान लिहितो की येशू आतून खवळला. खवळला कोणावर? मरीयेवर नक्कीच नाही, तिच्यासोबत तर तो रडतोय. मला पटणारा अर्थ हा की तो मरणावर खवळला. प्रेषित पौल आपल्या पत्रात मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो, १ करिंथ १५:२६, आणि शत्रूला कोणी हसून या बसा म्हणत नाही. आपल्याकडे विश्वासी लोकं मयतीच्या घरी येऊन "देवाची मर्जी", "देवाला फूल आवडलं त्यानं तोडलं" असं म्हणून मोकळे होतात, तेव्हा मला हे खवळणं आठवतं. तुमच्या जावेला राग येत असेल तर येऊ द्या. तरण्या माणसाला रात्री पीक राखायला वावरात झोपावं लागतं, याचा राग यायलाच पाहिजे.

पावसाळ्यातली माती तुम्ही पाहिलीच आहे, आपल्या काळ्या जमिनीत खड्डा कमरेइतका झाला की खालून पाणी लागतं, पोट्टे टोपल्यानं, डब्यानं उपसत राहतात, कडा ढासळते, परत उपसतात, आणि पेटी दोरांनी सोडताना एक बाजू आधी टेकली की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघतो. तिथं उभं राहून रडू नका म्हणणं सोपं नाही, आणि योहान पण काही लपवत नाही, मार्था सरळ सांगते की चार दिवस झाले, आता वास येत असेल. मरण कसं असतं ते माहीत असलेल्या माणसानं लिहिलेला अध्याय आहे हा.

आता त्या प्रचारक भाऊंचं म्हणणं. ते मनानं वाईट नसतील, त्यांनी एक खरं वचन घेतलंय पण अर्धं घेतलंय. १ थेस्सलनी ४:१३ मध्ये पौल म्हणतो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये. पूर्ण वाक्य वाचा. खेद करू नका इथं तो थांबत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. हाच पौल फिलिप्पैच्या पत्रात आपल्या सोबत्याबद्दल, एपफ्रदीतबद्दल लिहितो की तो मरता मरता वाचला, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं (२:२७). म्हणजे सोबती मेला असता तर पौलाला दुःख झालं असतं हे तो स्वतः लिहून देतो. स्तेफनाला धोंडे मारून मारलं तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला, प्रेषित ८:२. साक्ष बिघडते म्हणे! पहिल्या रक्तसाक्षीच्या, म्हणजे विश्वासासाठी मारल्या गेलेल्या माणसाच्या, मातीत लोकं धाय मोकलून रडली.

आणि यापो गावच्या दुर्कस बाईची गोष्ट काढा, प्रेषितांच्या नवव्या अध्यायात. ती गोरगरिबांसाठी कपडे शिवायची. ती मेली तेव्हा माडीवरच्या खोलीत तिला ठेवलं होतं, येशूचा शिष्य पेत्र आला तर सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिनं शिवलेले अंगरखे अन् कपडे त्याला दाखवायला लागल्या. हे पाहा, हे तिनं केलं होतं. मयतीच्या घरी अगदी हेच होतं की नाही? त्याची चप्पल, त्याचा टॉर्च, त्यानं परवाच आणलेली फवारणीची टाकी. पेत्रानं नंतर त्यांना बाहेर पाठवून प्रार्थना केली, पण कपडे दाखवणाऱ्या बायांना रागावलं नाही.

तुम्हाला कोणी म्हणेल की येशूनं नाईन गावच्या विधवेला "रडू नको" म्हटलंच होतं. हो म्हटलं होतं, लूक ७:१३. त्याच्याआधी त्याला तिचा कळवळा आला असं लिहिलंय आणि त्याच्यानंतर त्यानं तिचा पोरगा उठवून तिच्या हातात दिला. ज्याला पोरगा परत देता येतो त्यानं रडू नको म्हणावं. मला देता येत नाही, त्या प्रचारक भाऊंनाही येत नाही, म्हणून आम्ही दोघांनी गप्प बसावं.

राहिला जावेचा "नसतं तर". इथं मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. काही जण योहानातला हिशेब मांडतात, निरोप्याला जायला एक दिवस, येशू थांबला दोन दिवस, यायला एक दिवस, झाले चार, म्हणजे निरोप्या घरून निघाला त्याच्या थोड्या वेळातच लाजर गेला असणार आणि येशू तडक निघाला असता तरी जिवंत भेटला नसता. हिशेब जुळतो, पण त्यानं प्रश्न मिटत नाही, कारण याच योहानात चौथ्या अध्यायात येशू काना गावात बसून कफर्णहूमातल्या पोराला बरं करतो, त्याला तिथं जावंही लागलं नाही. शेजारच्या लोकांनी हेच विचारलं, ३७ व्या वचनात, ज्यानं आंधळ्याचे डोळे उघडले त्याला याचं मरण टाळता आलं नसतं का? टोमणा असेल, पण प्रश्न खरा आहे. आणि योहान त्याचं उत्तर देत नाही. पुढच्या वचनात येशू परत आतून खवळतो आणि कबरेकडे चालायला लागतो, बस. कबरेकडे चालण्याची किंमत काय होती तेही पाहा, लाजर बाहेर आला त्याची बातमी यरुशलेमला गेली आणि तिथल्या सभेनं ठरवलं की आता या येशूला मारायचंच. पुढच्या अध्यायात तर लाजरालाही मारायचा बेत होतो. एकाला कबरेतून काढणारा स्वतः कबरेच्या वाटेला लागला, आणि हे सगळं माहीत असताना तो तिथं उभा राहून रडलाय.

तर जावेच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. मंतरायला नेलं ही चूक होती हे तिला कळतं, तुम्ही "नाही नाही, वेळ भरली होती" म्हटलं तर तिला वाटेल कोणी ऐकतच नाही. तिला ते वाक्य बोलू द्या, पंधरा वेळा बोलली तर पंधरा वेळा ऐका, फक्त दोष तिचा एकटीचा नव्हता, तुम्ही सगळे घाबरलेले होते, हे सांगा. प्रार्थना करायची तर ८८ वं स्तोत्र वाचा तिच्याजवळ बसून. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी कुठं आनंदाची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

पण ताई, ती झोपत नसेल, जेवण सुटलं असेल, जगून काय करू असं काही बोलत असेल तर स्तोत्रावर थांबू नका. टेली मानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरला दाखवा. लाजर बाहेर आल्यावर सुद्धा येशूनं लोकांना सांगितलं की याच्या अंगावरच्या पट्ट्या सोडा अन् याला जाऊ द्या, ते काम त्यानं गावच्या लोकांवर सोपवलं.

अन् एक कोरडी गोष्ट. साप चावून मेलेल्या शेतकऱ्याच्या घराला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख मिळतात, सातबारा नावावर नसलेला कुटुंबातला एक सदस्य पण त्यात बसतो. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज असतो, सातबारा अन् पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट वगैरे लागतो, मुदत असते म्हणून उद्याच विचारा, कृषी सहायकाला फोन करा. बाकी वाचकांनी पण लक्षात ठेवा की साप चावला तर मंतरणं नाही, दोरी आवळणं नाही, कापणं चोखणं नाही, पाय न हलवता सरळ दवाखाना, विषावरची लस तिथंच मिळते.

प्रश्न : सर, आमच्या संडे स्कूलमध्ये वचन पाठ करून या म्हटलं की अर्धे पोट्टे "येशू रडला" म्हणून बसतात. हे बायबलमधलं सगळ्यात लहान वचन आहे हे खरं का? अन् एवढं लहान वचन वेगळं काहून ठेवलं? (कॉलेज विद्यार्थी, मंगरूळपीर)

उत्तर : बेटा, पोट्टे हुशार आहेत, मीपण त्यांच्या वयात हेच केलं असतं. पण पुढच्या रविवारी त्यांना सांग की मूळ ग्रीकमध्ये याच्याहून लहान वचन आहे, १ थेस्सलनी ५:१६, सर्वदा आनंदित असा. ग्रीकमध्ये ते चौदा अक्षरांचं आणि येशू रडला सोळा अक्षरांचं, मोजून बघता येतं. म्हणजे दोन इवलीशी वचनं, एक म्हणतं सदा आनंद करा आणि एकात प्रभू रडतोय, आणि दोन्ही एकाच नव्या करारात. वरच्या ताईंना भेटलेल्या प्रचारकांसारखे लोक पहिलं घेतात आणि दुसरं सोडतात.

वेगळं ठेवलं ते योहानानं नाही. त्यानं आकडे टाकले नव्हते, सलग गोष्ट लिहिली होती. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्टीफन लँगटन नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं नाव त्यासाठी घेतात, आणि नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे घातले रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच छापखानेवाल्यानं, १५५१ साली. त्यानं या दोन-तीन शब्दांना स्वतःचा आकडा काहून दिला कोण जाणे, पण दिला ते मला आवडतं, वाचणाऱ्याला थांबावं लागतं. पोट्ट्यांना मात्र ३२ ते ३६ पाठ करायला लाव, तेवढी तर शिक्षा पाहिजेच.

प्रश्न : नमस्कार. मी ख्रिस्ती नाही पण तुमचं सदर वाचतो. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, तीस वर्षांचा शेजार, सणावाराला येणं-जाणं. मागच्या महिन्यात त्यांचा बुढा वारला. मी मातीला गेलो पण काय बोलायचं, खांदा द्यायचा का, काही कळेना, मागंच उभा राहिलो. तेरवी पण नाही म्हणतात. मग आता भेटायला केव्हा जायचं? (शेतकरी, चांदूर बाजार तालुका)

उत्तर : भाऊ, मागं उभे राहिले तरी त्यांनी तुम्हाला पाहिलं असेल, मयतीच्या घरची माणसं कोण आलं ते बरोबर ध्यानात ठेवतात. खांदा कोणीही देतो, त्याला काही अडचण नाही. पेटी खाली सोडल्यावर सगळे मूठ मूठ माती टाकतात, तीपण तुम्ही टाकू शकता. प्रार्थना चालू असताना डोकं झाकायचं की नाही, डोळे मिटायचे की नाही याची काळजी करू नका, शांत उभं राहिलं की झालं.

तेरवीचा नेम ख्रिस्ती लोकांत नाही, पण खेड्यातली बरीच घरं काही दिवसांनी प्रार्थना ठेवतात, कुठं जेवण असतं कुठं नसतं, घरोघरी वेगळं. म्हणून बोलावण्याची वाट पाहू नका, आजच जा. वर ज्या अध्यायावर एवढं लिहिलं त्यात १९ व्या वचनात आहे की पुष्कळ यहूदी त्या बहिणींचं सांत्वन करायला आले होते. त्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा येशूवर विश्वासही नव्हता. मरीया उठून निघाली तेव्हा त्यांना वाटलं ही कबरेवर रडायला चालली, म्हणून तेही मागं मागं निघाले. त्यांनी काय सांत्वन केलं, काय शब्द वापरले, हे योहानानं लिहिलं नाही, ते सोबत गेले अन् रडले एवढंच लिहिलंय. रोमकरांच्या पत्रात पौल पण तेवढंच मागतो, आनंद करणाऱ्यासोबत आनंद करा अन् रडणाऱ्यासोबत रडा, १२:१५. त्याच्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.

काय बोलायचं म्हणाल तर बुढ्याची एखादी आठवण सांगा. तीस वर्षांत बैलाच्या बाजारात, विहिरीवर, पोराच्या लग्नात काहीतरी झालंच असेल, हसण्यासारखं असलं तरी सांगा. "वय झालं होतं, सुटले बिचारे" हे मात्र बोलू नका, ते घरच्यांनी म्हणायचं असतं, पाहुण्यांनी नाही. बुढीजवळ बसा, ती रडली तर रडू द्या, पाणी आणायला उठू नका लगेच. सोयाबीन सोंगणीला आलं असेल तर पोराला विचारा मजूर मिळाले का, नसतील तर एक दिवस तुमच्याकडचे दोघं पाठवा. अन् वहिनींनी भाजी-भाकरी धाडली तर डब्याच्या झाकणावर पेननं नाव टाकून धाडा, मयतीच्या घरी आलेले डबे कोणाचे कोणाकडे जातात, मग दोन्ही घरी बायांची बोलणी आपल्यालाच खावी लागतात.